कापडी सुपरकपॅसिटर आणि ९६ मिनिटांचा हिशेब

कापडात वीज साठवण्याच्या प्रयोगांचा शेवट बहुतेक वेळा एकाच फोटोवर होतो: हाताला गुंडाळलेली काळी पट्टी आणि तिच्या टोकाला पेटलेला लाल एलईडी. एलईडी पेटवण्यात फारसं काही नसतं. त्याला नाममात्र करंट पुरतो, आणि व्होल्टेज उतरत गेलं तर तो हळूहळू मंद होतो, एवढंच. सेन्सर, मायक्रोकंट्रोलर (छोट्या उपकरणाचा मेंदू असलेली चिप) आणि रेडिओ यांचं तसं नाही. व्होल्टेज ठराविक पातळीखाली गेलं की ते सरळ बंद पडतात किंवा अर्ध्या वाटेत रीसेट होतात. कापडी साठवणुकीचा कस खरा तिथे लागतो.

तो कस लावून पाहणारं एक प्रकरण अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातलं आहे. युरी गोगोत्सी यांचा मटेरियल सायन्सचा गट, जेनेव्हीव्ह डिऑन यांचं सेंटर फॉर फंक्शनल फॅब्रिक्स आणि ॲक्सेंचर कंपनीची संशोधन शाखा ॲक्सेंचर लॅब्ज यांनी मिळून सुती कापडाचा एक सुपरकपॅसिटर (झटपट भरणारं, वीज साठवण्याचं साधन) केला आणि २०२३ साली त्याचे निकाल प्रसिद्ध केले. २५ चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे ५ सेंटिमीटर बाजूचा तुकडा. त्यावर ३.३ व्होल्टचा आर्डुइनो जातीचा छोटा सर्किट बोर्ड चालवला. तो तापमान मोजून दर ३० सेकंदांनी बिनतारी पाठवत होता. एका चार्जवर हे काम ९६ मिनिटं चाललं.

बातम्यांमध्ये याचा मथळा साहजिकच ‘कपड्यातली बॅटरी आली’ असा झाला. मला या प्रकरणातलं दुसरंच काही महत्त्वाचं वाटतं. कापडावर वीज साठते, हा प्रश्न इथे बऱ्यापैकी सुटला आहे. पण तो सोडवताना जी तडजोड करावी लागली, तिने कापडाचं कापडपण बरंच काढून घेतलं.

घडण

या तुकड्यातला कळीचा पदार्थ म्हणजे मॅक्सीन. २०११ मध्ये ड्रेक्सेलमध्येच सापडलेलं हे पदार्थांचं कुटुंब. त्यातला सर्वाधिक वापरला जाणारा प्रकार टायटॅनियम आणि कार्बनचा. टायटॅनियम, ॲल्युमिनियम आणि कार्बन यांच्या थरांनी बनलेल्या एका घन पदार्थातला ॲल्युमिनियमचा थर आम्लाने विरघळवून काढायचा. मग उरतात जेमतेम काही अणूंच्या जाडीचे पत्रे. हे पत्रे धातूसारखी वीज वाहून नेतात आणि तरीही पाण्यात छान पसरतात. धातूचा गुण आणि पाण्याशी मैत्री, या दोन गोष्टी एका पदार्थात सहसा भेटत नाहीत. कापडाच्या कामात मॅक्सीनचं एवढं कौतुक होतं ते याचमुळे.

पाण्यात पसरलेलं मॅक्सीन दिसतं काळ्या शाईसारखं. सुती कापड त्यात बुडवायचं, वाळवायचं, पुरेसा थर चढेपर्यंत पुन्हा बुडवायचं. सुताचा तंतू म्हणजे सेल्युलोज. त्याच्या पृष्ठभागावर पाण्याला धरून ठेवणारे अणूंचे गट असतात आणि मॅक्सीनच्या पत्र्यांवरही ऑक्सिजन व हायड्रॉक्सिल गट असतात. त्यामुळे पत्रे तंतूला धरून बसतात, वेगळा डिंक लागत नाही. कार्बन पावडरचं इलेक्ट्रोड (वीज साठवणारा ध्रुव) करताना जो चिकट बाइंडर घालावा लागतो, तो स्वतः वीज साठवत नाही, वाहूनही नेत नाही. इथे तो भार वाचतो. शिवाय तंतूंच्या मधल्या फटी मोकळ्या राहतात आणि इलेक्ट्रोलाइटला (विद्युतभारित कण, म्हणजे आयन, वाहून नेणाऱ्या द्रावाला) आत शिरायला वाट मिळते.

एका सेलमध्ये मॅक्सीन लावलेले दोन कापडी थर आणि मध्ये सेपरेटर (दोन्ही थरांना वेगळं ठेवणारा पडदा) म्हणून साधं सुती कापड. या तिन्हींत लिथियम क्लोराइडचं जेल मुरवलेलं. म्हणजे पाण्यावर आधारलेला इलेक्ट्रोलाइट. तो पेट घेत नाही आणि अंगावर घालायच्या वस्तूत हा गुण फार मोलाचा आहे, कारण नेहमीच्या लिथियम-आयन सेलमधला सेंद्रिय द्राव ज्वलनशील असतो. पण पाणी आलं की मर्यादाही आली. तत्त्वतः १.२३ व्होल्टला पाण्याचं विघटन सुरू होतं, म्हणून असा सेल साधारण १.२ व्होल्टपर्यंतच चार्ज करायचा. बोर्डाला हवेत ३.३ व्होल्ट, तेही शेवटपर्यंत. उपाय एकच: सेल मालिकेत, म्हणजे एकामागोमाग एक, जोडायचे. पाच सेल एकावर एक रचले आणि ६ व्होल्ट मिळवले.

मालिकेत जोडण्याची किंमत मोजावी लागतेच. व्होल्टेज पाचपट होतं तेव्हा कपॅसिटन्स (दर व्होल्टला साठणारा विद्युतभार) पाचवा हिस्सा होतो. पाचांतला एक सेल जरा कमकुवत निघाला तर चार्ज करताना त्याच्या वाट्याला बाकीच्यांपेक्षा जास्त व्होल्टेज येतं आणि तो आणखी लवकर खराब होतो. हाताने बुडवून केलेल्या कापडात पाचही सेल तंतोतंत सारखे निघणं कठीण. शिवाय थर मोजा: प्रत्येक सेलचे तीन, असे कापडाचे पंधरा पदर एकाच जागी. पाच सेंटिमीटरचा तुकडा असं आपण म्हणतो खरं, पण तो एकेरी कापडाचा तुकडा नव्हे, चांगली जाड गादी आहे.

आकडे काय सांगतात

या प्रकरणाची जमेची बाजू अशी की आकडे क्षेत्रफळाच्या हिशेबात दिले आहेत. या क्षेत्रात ‘प्रति ग्रॅम’ आकड्यांनी फार घोळ घातला आहे. काचेवर अतिपातळ थर द्यायचा, त्याची क्षमता मोजायची आणि थराच्या नगण्य वजनाने भागायचं; आकडा दिपवणारा येतो, पण तेवढ्या थरावर चालत काहीच नाही. इथे दर चौरस सेंटिमीटरला २४.२ मिलिग्रॅम मॅक्सीन चढवलं होतं. पातळ थरांच्या प्रयोगांच्या मानाने हा भार भरपूर आहे.

पाच सेलच्या रचनेची नोंदवलेली ऊर्जा दर चौरस सेंटिमीटरला ०.४०१ मिलिवॉट-तास आणि त्या वेळची शक्ती ०.२४८ मिलिवॉट. २५ ने गुणा: सुमारे १० मिलिवॉट-तास ऊर्जा, ६.२ मिलिवॉट शक्ती. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की ९७ मिनिटं येतात. प्रत्यक्षात बोर्ड चालला ९६. कागद आणि प्रयोग इतके जवळ आले की वाचणाऱ्याला जरा हुरूप येतो.

आता हेच १० मिलिवॉट-तास ओळखीच्या वस्तूंशेजारी ठेवून पाहू. सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाडीचा, साधारण ३ ग्रॅम वजनाचा. त्यात ३ व्होल्टला २२५ मिलिअँपिअर-तासांच्या आसपास क्षमता, म्हणजे जवळजवळ ६७५ मिलिवॉट-तास असतात. आपल्या तुकड्याच्या ६७ पट. स्मार्टवॉचची बॅटरी ३०० मिलिअँपिअर-तासांची धरली तर ऊर्जा सव्वा वॉट-तासाच्या थोडी खाली येते. तेवढी कापडात साठवायला असे शंभराहून अधिक तुकडे लागतील. सगळे शेजारी मांडले तर अर्ध्या मीटरहून मोठ्या बाजूचा चौरस होईल, आणि तोही पंधरा पदरी. असा अंगरखा कुणी घालणार नाही.

मग सुपरकपॅसिटरचा हट्ट कशाला? कारणं आहेत. सीआर२०३२ पुन्हा चार्ज होत नाही, आणि त्यातून एकदम मोठा करंट ओढला तर त्याचं व्होल्टेज खाली बसतं. लिथियम-आयन चार्ज होते पण वेळ घेते, आणि भरण्या-रिकामं होण्याच्या काही शे ते हजारभर चक्रांत थकते. सुपरकपॅसिटरमध्ये आयन इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागाशी किंवा थरांच्या मधे येतात-जातात. पदार्थाची मूळ रचना दर वेळी मोडून पुन्हा बांधावी लागत नाही. म्हणून तो मिनिटांत भरतो आणि हजारो चक्रं टिकतो. ज्याला दीड तासच चालायचं आहे पण दिवसातून पाच-सहा वेळा पटकन भरता येतं, अशा कामाला तो शोभतो.

उतरतं व्होल्टेज

बॅटरीचं व्होल्टेज बराच काळ जवळजवळ सपाट राहतं आणि शेवटी कोसळतं. कपॅसिटरचं पहिल्या क्षणापासून उतरायला लागतं, टाकीतली पाण्याची पातळी उतरावी तसं. आणि नळ जर टाकीच्या तळापासून वर बसवलेला असेल, तर त्याखालचं पाणी असून नसल्यासारखं. ३.३ व्होल्टचा बोर्ड म्हणजे असा वर बसवलेला नळ.

हिशेब सोपा आहे. कपॅसिटरमधली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ६ व्होल्टपासून ३.३ व्होल्टपर्यंत आलो की उरलेला भाग (३.३ भागिले ६) चा वर्ग, म्हणजे ३० टक्के. तो आत अडकून पडतो. त्याच्या जोडीला, ६ व्होल्टवरून ३.३ करण्यासाठी असल्या छोट्या बोर्डांवर बहुधा लिनिअर रेग्युलेटर (व्होल्टेज ठराविक ठेवणारा भाग) असतो. तो जास्तीचं व्होल्टेज उष्णतेत घालवतो, म्हणजे तुकडा पूर्ण भरलेला असताना जवळपास ४५ टक्के शक्ती त्यातच जाते. व्होल्टेज उतरतं तसा हा तोटा कमी होतो, पण नेमकी जास्त ऊर्जा साठलेली असते तेव्हाच तो सर्वांत मोठा असतो.

म्हणून असा तुकडा हाती आला तर मी मॅक्सीनचा आणखी एक थर चढवायच्या आधी रेग्युलेटर बदलीन. उतरत्या व्होल्टेजलाही जुळवून घेणारा, गरजेनुसार वर चढवणारा किंवा खाली आणणारा स्विचिंग कन्व्हर्टर लावला तर दोन व्होल्टच्या खालपर्यंत ऊर्जा काढता येते. पण फुकट काही नाही. कन्व्हर्टर स्वतः थोडा करंट खातो, त्याला कॉइल लागते, आणि कॉइल कापडात शिवता येत नाही. ती कडक चकतीवर बसते. कापडी इलेक्ट्रॉनिक्समध्ये हे सतत होतं: मऊ भाग सुधारायला जावं तर एक कडक भाग वाढतो.

दुसरा खड्डा अंतर्गत रोधाचा. तापमान पाठवताना रेडिओ काही मिलिसेकंदांसाठी सरासरीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढतो. समजा २० मिलिअँपिअर, आणि पाच सेल व जोड मिळून रोध १० ओहम. क्षणभरासाठी ०.२ व्होल्ट गायब. तुकडा भरलेला असताना याने काही बिघडत नाही. पण व्होल्टेज उतरत उतरत ३.४ वर आलं असेल, तर एवढ्या धक्क्यानेच बोर्ड रीसेट होतो, आत ऊर्जा शिल्लक असताना. घडी पडलेल्या कापडात हा रोध वाढतो, कारण वाकवलं की पत्र्यांचे एकमेकांशी असलेले संपर्क सुटतात. टेबलावर सपाट ठेवून केलेली मोजणी आणि कोपरावर बसवून केलेली मोजणी यांत फरक पडणारच.

सील

या गटाने सेल निर्वात करून प्लास्टिकच्या आवरणात बंद केले. त्यामुळे कामगिरी २० हून अधिक दिवस टिकली. प्रकरणाचा गाभा, माझ्या मते, या एका पायरीत आहे.

ती का करावी लागली हे समजून घ्यायला हवं. पहिलं कारण मॅक्सीन स्वतः. ओलावा आणि ऑक्सिजन एकत्र मिळाले की टायटॅनियमच्या या पत्र्यांचं हळूहळू टायटॅनियम डायऑक्साइड होतं, म्हणजे पांढऱ्या रंगात वापरतात तो पदार्थ. तो विजेचा वाहक नाही. काळं कापड फिकट होऊ लागलं की समजायचं, साठवण चालली. दुसरं कारण जेल. त्यात पाणी आहे, ते उडून गेलं तर आयनांना हलायला माध्यम उरत नाही. लिथियम क्लोराइड हवेतला ओलावा शोषून घेतो, त्यामुळे जेल लगेच सुकत नाही. पण दमट हवेत तेच जेल जास्तीचं पाणी पिऊन फुगतं. तिसरं कारण अंगाशी संबंधित आहे. लिथियम क्लोराइड त्वचेला झोंबतो आणि पोटात जाणं तर धोक्याचंच. १९४० च्या दशकात अमेरिकेत हृदयरोग्यांसाठी मिठाला पर्याय म्हणून तो विकला जायचा. विषबाधा आणि मृत्यू झाल्यावर १९४९ मध्ये तो मागे घेण्यात आला. असा क्षार घामाने भिजणाऱ्या कपड्यात उघडा ठेवता येणार नाही.

थोडक्यात, सील काढून टाकता येईल अशी शोभेची वस्तू नाही. आणि सील लावला की कापडाला आपण ज्यासाठी कापड म्हणतो ते गुण जातात: हवा खेळत नाही, घाम टिपला जात नाही, चुण्या पडून ते अंगासरशी बसत नाही. आत सूत आहे, पण त्वचेला लागतं ते प्लास्टिक. इथे एक अडचणीचा प्रश्न विचारावा लागतो. शेवटी पाऊचच करायचं असेल तर आत सुती कापड हवंच कशाला? पातळ लिथियम-पॉलिमर पाऊच तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त ऊर्जा देतं.

या प्रश्नाला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. कापडाचा सांगाडा वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. पॉलिमर पाऊच पुन्हापुन्हा वाकवलं तर आतले थर फाटून शॉर्ट सर्किट होऊ शकतं. आणि पाण्याच्या इलेक्ट्रोलाइटमुळे, काही बिनसलंच तर ठिणगी आणि आग यांची भीती नाही. त्वचेलगत, झोपेतसुद्धा घालायच्या वस्तूसाठी या दोन गोष्टी पुरेशा ठरू शकतात. पण मग जाहिरात ‘कपड्याचीच बॅटरी’ अशी करू नये. हा मऊ, सुरक्षित, काढता-घालता येणारा तुकडा आहे.

धुण्याचा मुद्दा इथेच येतो, आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. ड्रेक्सेलच्याच २०१९ च्या कामात मॅक्सीन लावलेले सुती धागे ३० ते ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ४५ वेळा धुतले होते आणि ते टिकले. हे खरं आहे, पण तो धागा होता, म्हणजे निव्वळ वाहक. त्यात जेल नव्हतं, सेपरेटर नव्हता, एकमेकांना स्पर्श होऊ न देण्याजोगे दोन ध्रुव नव्हते. धागा धुता येतो म्हणून सेल धुता येईल असं म्हणता येत नाही. उघडा सेल पहिल्याच धुण्यात आपला इलेक्ट्रोलाइट पाण्याला देऊन टाकेल. सीलबंद सेल धुण्यात टिकतो की नाही हे सीलच्या कडा ठरवतात, आतलं मॅक्सीन नव्हे. कपड्यांच्या घरगुती धुण्यासाठी आयएसओ ६३३० ही ठरलेली पद्धत आहे. कुणी ‘धुता येतो’ असं सांगितलं की त्या पद्धतीने, किती फेऱ्या, आणि आधी-नंतर कपॅसिटन्स मोजला की नुसता रोध, हे विचारावं. रोध मोजणं सोपं असल्याने बहुतेक वेळा तोच सांगितला जातो.

दुसरी वाट

तुकड्याऐवजी धाग्यातच बॅटरी करायची, ही दुसरी दिशा. चीनमधल्या फुदान विद्यापीठाच्या गटाने २०२१ मध्ये विणता येणारे लिथियम-आयन धागे मोठ्या लांबीत करून दाखवले. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या गटाने १४० मीटर लांबीची धागा-बॅटरी केली. तिची क्षमता १२३ मिलिअँपिअर-तास. ऊर्जेच्या बाबतीत हे धागे मॅक्सीनच्या तुकड्याला सहज मागे टाकतात. प्रत्येक धाग्याचं आवरण त्याच्याभोवतीच असल्याने विणलेल्या कापडात हवाही खेळते. सीलचं कोडं त्यांनी वेगळ्या ठिकाणी नेऊन ठेवलं, एवढंच: १४० मीटर लांब आवरणाला कुठेही चीर जाता कामा नये.

मागणी कमी करणं

परत ६.२ मिलिवॉटकडे येऊ. या आकड्याकडे दुर्लक्ष होतं कारण सगळ्यांचं लक्ष साठवणुकीवर असतं. शरीराचं तापमान दर ३० सेकंदांनी पाठवायची खरंच गरज आहे का? ताप चढायला अर्ध्या मिनिटापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. दर पाच मिनिटांनी एक नोंद, मधल्या वेळात मायक्रोकंट्रोलर पूर्ण झोपेत, बोर्डावरचा पॉवरचा एलईडी उपटून टाकलेला (हा एकटाच कधीकधी बाकी सगळ्यांइतका करंट खातो) आणि रेडिओ कमी शक्तीचा, असं केलं तर सरासरी अर्ध्या मिलिवॉटवर आणणं अजिबात अवघड नाही. मग त्याच १० मिलिवॉट-तासांत २० तास निघतात. मॅक्सीनचा एक ग्रॅमही न वाढवता.

अर्थात सुपरकपॅसिटरची स्वतःची गळती असते, चार्ज न वापरताही व्होल्टेज उतरतं. म्हणून मागणी आणखी कमी करून २० तासांचे २० दिवस होत नाहीत. एका मर्यादेनंतर बोर्डापेक्षा गळतीच जास्त खाते. तिथे सौर धागा किंवा हालचालीतून वीज काढणारं साधन जोडून थोडं थोडं भरत राहणं हाच मार्ग, आणि असं तुटक येणारं चार्जिंग झेलायला सुपरकपॅसिटर बॅटरीपेक्षा बरा.

जोड

एक जागा राहिली, जी शोधनिबंधांत एका ओळीत उरकली जाते आणि वापरात सर्वांत आधी मोडते: कापडातून तार बाहेर येते ती. मॅक्सीनच्या कापडाला तार डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, जोडता येत नाही. सोल्डर चिकटत नाही आणि तापमानाने सूत जळतं. चांदीची पेस्ट लावली तर ती वाळून कडक होते. मग हात हलला की मऊ कापड आणि कडक ठिपका यांच्या सीमेवर ताण एकवटतो आणि तिथेच भेग पडते. दाबाचं बटण लावलं तर तो धातू क्लोराइड असलेल्या जेलपासून दूर ठेवावा लागतो, नाहीतर गंजतो. त्यात सीलमधून तार बाहेर येते तिथे प्लास्टिक नीट चिकटत नाही आणि हवा आत शिरायला हीच पहिली फट मिळते. असा तुकडा तपासायला घेतला तर मी वजन, व्होल्टेज, कपॅसिटन्स सगळं नंतर पाहीन. आधी ती तार बोटांत धरून काही वेळ इकडेतिकडे वाकवीन आणि मग रोध मोजीन.